पृष्ठ २१४ वरील तळटीप

छत्रपती संभाजीनगर
५ मार्च २०२५

डॉ. सुरेखा सांडू मोकासे,

तुझ्या नावाआधी ‘कै.’ लिहावे, असे महाविद्यालयाच्या लिपिकाने मला दोनदा सुचवले. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर मी ते लिहिले, कारण नमुन्यात तशी जागाच आखलेली आहे. येथे लिहिलेले नाही. नाव मात्र पूर्ण लिहिले आहे, आणि ते तुझ्या वडिलांच्या नावासह आहे. पहिला शोधनिबंध ज्या नावाने छापला गेला ते नाव पुढे बदलले तर माणूस सूचीतून हरवतो, असे तू लग्न ठरतानाच सांगितले होतेस. माझ्या आईला ते आवडले नव्हते. मला कारण पटले होते.

एकतीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिले नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसांना पत्राचे प्रयोजन नव्हते. पाटबंधारे खात्यात मात्र मी छत्तीस वर्षे पत्रेच लिहिली. त्यामुळे जे तोंडाने सांगता येत नाही ते सांगण्याचा मला हा एवढाच मार्ग ठाऊक आहे.

तुला जाऊन आज एकसष्ट दिवस झाले.

काल विभागप्रमुख प्रा. गोकुळ वाघचौरे यांनी मला बोलावले होते. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. म्हणाले, “साहेब, घाई नाही. पण एप्रिलअखेर मॅडमची खोली मोकळी झाली तर बरं होईल. तिथं आपण मॅडमच्या नावानं अभ्यासिका करतोय. बोर्ड करायला टाकलाय. आणि तो २००९ चा पेपर आहे ना, त्याचं पहिलं पान फ्रेम करून समोरच्या भिंतीवर. पोरांना कळलं पाहिजे, की इथं बसून एक बाई काय करून गेली.”

मी त्यांचे आभार मानले. चौकट सागवानी असावी, एवढेच सुचवले.

जे त्यांना सांगितले नाही ते येथे लिहितो. त्या निबंधात चूक आहे. ती तू स्वतःच शोधलीस, तिची दुरुस्ती दोन पानांवर लिहिलीस, आणि ते पाकीट ११ डिसेंबर रोजी रुग्णालयात माझ्या हाती दिलेस. तू म्हणालीस, “हे आमरीनला द्या. तिचा प्रबंध याच आकड्यांवर उभा आहे, तिला सगळं परत काढावं लागेल. संपादकांनाही तीच पाठवेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलेस, “दिलं?”

मी म्हणालो, “दिले.”

दिले नव्हते. पाकीट या क्षणी माझ्या कपाटात, घराच्या कागदपत्रांखाली आहे. आमरीन ३० एप्रिलला प्रबंध सादर करणार आहे. तुझी शेवटची विद्यार्थिनी चुकीच्या आकड्यांवर स्वतःचे नाव घालणार आहे आणि ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

मी हे तुझ्या नावासाठी केले. असे आज तरी लिहितो.

विश्वजीत


१७ मार्च २०२५

सुरेखा,

खोली क्रमांक चौदा आवरायला घेतली आहे. काम पुढे सरकत नाही, आणि त्याला मीच जबाबदार आहे. आमच्या खात्यात रद्द झालेले पाणीपट्टीचे छापील नमुने मी रीतसर परवानगी घेऊन तुला आणून देत असे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तू बावीस वर्षे गणिते केलीस. आता प्रत्येक कागदाच्या एका अंगाला शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व पिकाचा रकाना आहे, आणि दुसऱ्या अंगाला तुझे अक्षर.

तुमच्या विभागाचे शिपाई निजामुद्दीन मदतीला थांबतात. रोजे चालू असूनही थांबतात. आज त्यांनी एक गठ्ठा उलटापालटा करून पाहिला.

“साहेब, ये बाजू मॅडमची, वो बाजू तुमची. यातलं फेकायचं क्या?”

“काहीच नाही.”

“हौ. तो फिर आवरायचं कैसा?”

मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. त्यांनी पंखा लावला आणि तेही समोर बसले.

तू या खोलीत १९९३ मध्ये आलीस. आठवड्याला अठरा तास, परीक्षांची पर्यवेक्षणे, प्रवेशाच्या याद्या, आणि उरलेल्या वेळात अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र. सैद्धांतिक काम म्हणून प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत, त्यामुळे अनुदानही नाही. सहकारी म्हणत, “मॅडम, तुमचं बरंय, कागद आणि पेन्सिल.” तुझ्या माहेरी पिशोरला सत्कार झाला तेव्हा सरपंचांनी भाषणात तू बाँबचे काम करतेस असे ठोकून दिले, आणि तू व्यासपीठावर पदर तोंडाला लावून हसलीस. मुंबईच्या परिषदेत एका गृहस्थांनी विचारले होते, “तुमच्याकडे तिकडे कोणी न्यूक्लिअर करतं?” त्यावर मात्र तू हसली नव्हतीस. परतीच्या प्रवासात मनमाडपर्यंत एक शब्द बोलली नाहीस.

मग २००९ चा निबंध आला. एकटीच्या नावाचा. एका विशिष्ट अणुकेंद्रात दोन अवस्थांमधील संक्रमण जवळजवळ बंद का असावे, याचे कारण तू दाखवले होतेस: दोन राशी एकमेकींना खोडून काढतात. तुला प्राध्यापकपद मिळाले ते त्याच्या बळावर. मला त्यातली एक ओळ समजली नाही, पण जगात कोणी कोणी त्याचा उल्लेख केला याची वही मी ठेवली. एक्केचाळीस उल्लेख. शेवटचा ब्राझीलचा. तू म्हणायचीस, “अहो, त्यातले निम्मे न वाचता करतात.” तरी नवीन उल्लेख आला की वही मागून घ्यायचीस.

आज दुपारी आमरीन आली. मी चहाचे विचारले आणि लगेच चूक लक्षात आली. ती म्हणाली, “राहू द्या काका, तुम्ही घ्या.” मग मीही घेतला नाही.

“काका, मॅडमच्या कागदांत डिसेंबरचं काही सापडलं का? शेवटच्या फोनवर म्हणाल्या होत्या, ‘आमरीन, तुझ्या चौथ्या प्रकरणात एक गोष्ट जुळत नाहीये, बघून सांगते.’ नंतर त्यांना ॲडमिट केलं आणि ते राहूनच गेलं.”

“काही सापडले नाही.”

“मग सुटलं असेल त्यांचं. नाहीतर सांगितलं असतं त्यांनी. झोपूच दिलं नसतं मला.” ती हसली. मग म्हणाली, “जूनमध्ये महिला महाविद्यालयाचे इंटरव्ह्यू आहेत. थिसिस सादर केल्याचा दाखला तेव्हा हातात पाहिजे. अब्बू रोज कॅलेंडर बघतात, जसं काय तेच लिहितायत.”

तुला आठवत असेल, ती एकदा रुग्णालयात आली होती. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तो जरा बाजूला करून तू एकच शब्द विचारलास, “पाहिलंस?” तू पाकिटाचे विचारत होतीस. तिला वाटले, तू तिच्या सुधारित प्रकरणाच्या प्रतीचे विचारते आहेस. ती म्हणाली, “हो मॅडम, पाहिलं.” तू डोळे मिटलेस. इतके शांत मिटलेस, की परिचारिका धावत आली.

मी थर्मास घेऊन उशाशी उभा होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते.

विश्वजीत


२४ मार्च २०२५

सुरेखा,

काल पिशोरला जाऊन आलो. तुझ्या आई ओसरीत अद्रकाचे बेणे निवडत बसल्या होत्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी चष्म्याविना कोंबाचा डोळा पाहून कांडी मोडतात.

“या, जावईबापू. लई वाळलात. खाता का नाय?”

“खातो.”

“कोण करतं?”

“मीच करतो.”

“मंग वाळणारच,” असे म्हणून त्यांनी सुनेला भाकरी टाकायला सांगितले.

आमरीन फेब्रुवारीत तिच्या आईला घेऊन तेथे जाऊन आली, हे मला कालच समजले. माझ्याजवळ ती बोलली नव्हती. “दिसभर बसली व्हती इथं,” आई म्हणाल्या. “मायलेकींनी दोन पोती बेणं निवडून दिलं. म्हणली, आजी, माझं पुस्तक झालं की पयलं तुमाला आणून दावते, पयल्याच पानावर मॅडमचं नाव हाय. मी म्हणलं, मला काय वाचता येतंय? म्हणली, हात फिरवा नुसता.”

भाकरी खाऊन झाल्यावर मी विषय काढला. फार वळसे घेऊन काढला. सुरेखाच्या जुन्या कामात चूक निघाली आहे. उघड झाली तर गावात, महाविद्यालयात काय म्हणतील. अभ्यासिकेला नाव द्यायचे चालले आहे.

“चूक कुणी काढली?”

“तिनेच.”

“जित्ती असताना?”

“होय. लिहूनही ठेवली.”

“मंग कुठं हाय ते लिवलेलं?”

त्यांनी हातातली कांडी टोपलीत टाकली.

“तुमी दडवून ठिवलं. व्हय का नाय?”

“तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून.”

“नाव मोकाश्याचं हाय, जावईबापू. तुमचं नाय. आमाला नाय काळजी, तर तुमाला कशाची एवढी?”

मी परत निघालो तेव्हा त्यांनी पिशवीत अद्रक घालून दिले आणि नेहमीसारख्या दारापर्यंत आल्या नाहीत.

परतीच्या गाडीत मी ठरवले, की पाकीट आमरीनला द्यायचे. मग विचार केला, की ईद आठ दिवसांवर आहे. सण होऊ द्यावा. हे कारण सभ्य दिसते. सभ्य दिसणारी कारणे शोधण्यात माझा जन्म गेला, आणि खात्यात त्यासाठी मला नावाजलेही गेले.

विश्वजीत


२ एप्रिल २०२५

सुरेखा,

पाकीट दिले. कसे दिले ते नंतर लिहितो. आधी जे पहिल्या पत्रात लिहिले नाही ते लिहितो, कारण आता ते आमरीनलाही माहीत आहे आणि तुझ्याआधी तिने ऐकले, ही गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली.

मार्च २००९ मध्ये तुझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. सहा आठवडे वाचायचे नाही. परीक्षकांनी निबंधात दुरुस्त्या मागवल्या होत्या आणि मुदत टळत होती. बाहेरून मागवलेल्या जाड पुस्तकातील कोष्टके संगणकात भरायची होती. मी रजा टाकली. तू पट्टी बांधून खुर्चीत बसलीस. मी आकडा मोठ्याने वाचून टंकायचा, आणि तू ऐकून ‘हं’ म्हणायचे. आकड्यांत माझी चूक होत नसे. ग्रीक अक्षरांत होई. मी एका अक्षराला ‘व्ही’ म्हणालो, तर तू हसत सुटलीस. “अहो, तो ‘न्यू’ आहे! व्ही नाही!” पुढच्या पानावर परत तेच. “कारकुनाच्या हाती अणुकेंद्र,” असे म्हणालीस. ते प्रेमाने म्हणालीस, हे मला तेव्हाही कळत होते. तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला ते हसू सोसवेना.

पृष्ठ २१४ वर कोष्टक संपले. खाली बारीक टाइपात चार ओळींची तळटीप होती, आणि ती त्या अक्षरांनी गच्च भरलेली होती. तू विचारलेस, “खाली काही आहे?”

मी म्हणालो, “काही नाही.”

तळटिपेत काय होते, ते मला तुझ्या दोन पानांवरून समजले. अणुकेंद्रातील कणाची लाट मध्यापाशी धन मानायची की बाहेरच्या टोकाशी, हा केवळ संकेत आहे. कोणताही घ्यावा, पण एका कामात एकच घ्यावा. तुझी संगणकातील आज्ञावली एक संकेत पाळत होती, ते कोष्टक दुसरा. तळटिपेत तसे स्पष्ट बजावले होते. त्यामुळे काही आकड्यांची चिन्हे उलटी बसली. ज्या दोन राशी एकमेकींना खोडतात असे तू लिहिलेस, त्यांची वास्तविक बेरीज व्हायला हवी होती. जे बंद आहे म्हणून तू कारण दिलेस, ते बंद नाहीच.

रुग्णालयाच्या जिन्यात मी ते पाकीट उघडले होते. ‘पृष्ठ २१४, तळटीप’ एवढे वाचले आणि मला ते पान जसेच्या तसे दिसले. तुझ्या नावासाठी नव्हे, सुरेखा. त्या दोन शब्दांसाठी मी पाकीट लपवले.

काल बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, आमरीन शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. नवा पोशाख, हातावर मेंदी. तिने मला बसवून खाऊ घातले. मग मी आत गेलो आणि पाकीट आणून तिच्यापुढे ठेवले. अक्षर पाहूनच ती उभी राहिली.

तिने दोन्ही पाने उभ्यानेच वाचली. एकदा, मग पुन्हा. बोटाने हवेत काहीतरी मांडले.

“या अल्ला. म्हणून चौथं प्रकरण जुळत नव्हतं.” तिचा चेहरा, खरे सांगतो, क्षणभर उजळला. नंतर तिने तारीख पाहिली. “दोन डिसेंबर. काका, हे कुठं होतं?”

“माझ्यापाशी.”

“आता सापडलं?”

“नाही. अकरा डिसेंबरपासून माझ्यापाशी आहे.”

ती खाली बसली. मी तिला सर्व सांगितले: डोळ्याची पट्टी, ग्रीक अक्षरे, ‘काही नाही’. सांगताना मला वाटत होते की मी फार मोठी कबुली देत आहे. तिने मध्येच थांबवले.

“थांबा, काका. मॅडमच्या डोळ्याला पट्टी सहा आठवडे होती. पुढं पंधरा वर्षं नव्हती ना? त्यांनी पुस्तक उघडून बघायला पाहिजे होतं. इथं लिहिलंय त्यांनी, ‘माझी तपासणी राहिली’. तुमचं नावही नाही. आणि मी? चार वर्षं तीच फाईल वापरतेय. मी एकदा तरी मूळ पुस्तक काढलं का? आमच्यात असंच होतं, चिन्हाची चूक सगळ्यांकडून होते. त्याचं कुणी एवढं मनाला लावून घेत नाही.”

मी काहीतरी बोलू गेलो.

“ते सोडा. मला एवढंच सांगा, मी हॉस्पिटलमध्ये आले होते तेव्हा मॅडमनं ‘पाहिलंस’ विचारलं, ते याचं?”

“होय.”

“आणि मी हो म्हटलं.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे झाले असते. “तुम्ही तिथंच होता. काका, डिसेंबरात दिलं असतं तर मी हे फेब्रुवारीत संपवलं असतं. आता एकोणतीस दिवस राहिले. तळटीप सोडली ते सोडली. हे चार महिने मी कुठून आणू?”

डबा धुऊन देतो म्हणालो. ती “असू द्या” म्हणून तो तसाच घेऊन गेली.

विश्वजीत


१५ एप्रिल २०२५

सुरेखा,

आज वाघचौरे सरांच्या दालनात आमरीन, मी आणि ते असे तिघे बसलो होतो. तुझ्या पश्चात कागदोपत्री तेच तिचे मार्गदर्शक आहेत. दोन आठवड्यांत तिने तिसरे प्रकरण नव्याने काढले. चौथ्याला निदान दोन महिने लागतील, आणि निष्कर्षाचे प्रकरण पूर्ण बदलेल. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झालेली आहे. तिसऱ्यांदा नियमात बसत नाही. ३० एप्रिल चुकली तर नोंदणी रद्द, नवा अर्ज, नवी समिती. निदान एक वर्ष.

सरांनी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात सांगितले, “बघ बेटा, आहे तसा सादर कर. दुरुस्ती नंतर पेपर म्हणून छाप, तुझ्याच नावानं. व्हायवाला कोण एवढं खोलात जातं? परीक्षक दुपारच्या गाडीचं रिझर्वेशन करून येतात.”

“आणि कुणी विचारलं तर, सर? माहीत नव्हतं म्हणू?”

“विचारणार कोण?”

“मला माहीत आहे ना, सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. वाटले असावे, की वडीलधारा म्हणून मी चार शब्द सांगेन. तुझ्या खुर्चीत बसण्याच्या लायकीची मुलगी समोर बसली होती. मी कोणत्या तोंडाने काय सांगणार?

“मी सादर करत नाही,” ती म्हणाली. “जूनचा इंटरव्ह्यू गेला. अब्बूंना सांगितलंय मी. दुकानातून उठून घरी आले, नमाज पढले, आणि परत दुकानात गेले.”

ती गेल्यावर सर म्हणाले, “पोरगी हट्टी आहे. अगदी मॅडमसारखी.” मग, “अभ्यासिकेचं आता जरा थांबवू, साहेब. तो पेपर भिंतीवर लावायचा तर… तुम्हीच बघा. परीक्षा विभागाला उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवीच आहे. बोर्डवाल्याला मी सांगतो.” दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, तुम्ही हे जानेवारीत जरी दिलं असतं ना…” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते शिष्टाचाराचे गृहस्थ आहेत.

दुरुस्ती संपादकांना गेली आहे. मसुदा आमरीनने केला. लेखिका हयात नाही म्हणून सोबतचे पत्र मी जोडले, आणि त्यात एक वाक्य घालण्याची विनंती केली: कोष्टक वाचून देणाऱ्या व्यक्तीने तळटीप हेतुपुरस्सर वगळली. तीन दिवसांत उत्तर आले. त्यांनी शोक व्यक्त केला आहे, दुरुस्ती स्वीकारली आहे, आणि ते वाक्य आवश्यक नाही असे कळवले आहे. छापले जाईल ते एवढेच, की चिन्हांचा संकेत सर्वत्र एकसारखा पाळला गेला नव्हता. कोणी पाळला नाही, ते त्यांच्याकडे विचारत नाहीत.

मी ते वाक्य आणखी एकदा पाठवणार होतो. आमरीनने फोनवर सांगितले, “काका, नका पाठवू. त्यानं आकडा बदलत नाही.”

विश्वजीत


३० एप्रिल २०२५

सुरेखा,

आज अक्षय्य तृतीया. पिशोरला आईंनी तुझ्या नावाने पहिली घागर भरली. मला बोलावणे आले नाही. फोन मी केला तेव्हा त्यांनी जेवलात का एवढे विचारले आणि तो सुनेच्या हाती दिला.

खोलीतील पुस्तके ग्रंथालयात जमा केली. संगणक विभागाचा होता, तो विभागाला दिला. पाणीपट्टीच्या कागदांचे अकरा गठ्ठे झाले. सकाळी दहाला आमरीन आली आणि जमिनीवर बसून एकेक चाळू लागली. नवी नोंदणी जुलैत होईल. तोवर तिने औरंगपुऱ्यात एका शिकवणी वर्गात बारावीचे भौतिकशास्त्र धरले आहे. सकाळी सहा ते नऊ. तिथल्या मुलांनी पहिल्याच दिवशी विचारले म्हणे, “मॅम, पीएच.डी. पुरी झाली का?”

“काय सांगितलेस?” मी विचारले.

“सांगितलं, होतेय.”

तिने चार गठ्ठे वेगळे काढले. प्रत्येकावर तू घातलेली तारीख तपासून पाहिली आणि सुतळी पुन्हा नीट बांधली. निजामुद्दीन रिक्षा घेऊन आले, त्यांनी गठ्ठे खाली नेले. उरलेले सात मी घरी नेणार आहे.

ती निघताना मी विचारले, “आकडे पूर्ण झाले की मला कळवशील का? मला समजणार नाही. तरी.”

ती पायरीवर थांबली. तू असतीस तर तिने काय उत्तर दिले असते ते मला ठाऊक आहे. तू असतीस तर ती पुढच्या रविवारी घरी येऊन, तुझ्या ताटातली पोळी मोडत, सगळे स्वतःच सांगत बसली असती.

“बघू, काका,” ती म्हणाली, आणि रिक्षात बसली.

मी खोलीत परत गेलो. टेबल पुसले. खिडक्यांचे खटके लावले. भिंतीवर चौकटीसाठी ठोकून ठेवलेला खिळा तसाच राहू दिला. परीक्षा विभागाला कदाचित उपयोगी पडेल. तू विचारले होतेस, “दिलं?” त्याचे खरे उत्तर द्यायला मला एकशे दहा दिवस अधिक लागले, आणि ते दिले तेव्हा विचारणारी तू नव्हतीस. ज्या मुलीला ते हवे होते तिच्या आयुष्यातून एक वर्ष गेले. या पत्रांत मी क्षमा मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. तुझ्याकडे मागणे सोपे आहे. म्हणून मागत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी दार ओढून कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या निजामुद्दीन यांच्याकडे परत केल्या.

विश्वजीत